साहित्यस्थळांची सहल : धड्यातले गाव आणि नकाशावरचे गाव

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या की वर्गावर्गांतून सहलीची चर्चा सुरू होते. मुख्याध्यापकांच्या टेबलावर दरवर्षीची ठरलेली नावे येतात : रायगड, प्रतापगड, अजिंठा-वेरूळ, गणपतीपुळे आणि अलीकडच्या काळात वॉटर पार्क. इतिहासाचे शिक्षक किल्ला सुचवितात, भूगोलाचे धरण, विज्ञानाचे तारांगण. मराठीच्या शिक्षकाने काही सुचविण्याची पद्धत सहसा नसते. वस्तुतः मराठी कथा-कादंबरीचा फार मोठा भाग विशिष्ट गावांशी, नद्यांशी, माळांशी बांधला गेलेला आहे. पाठ्यपुस्तकात एखादा उतारा येतो, खाली टीप म्हणून लेखकाचे जन्मगाव येते आणि मुले ते नाव पाठ करतात. हे गाव आजही तेथे आहे, तेथे एस.टी. जाते, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

ज्याला आपण प्रादेशिक साहित्य म्हणतो, त्याचा बहर स्वातंत्र्याच्या आगेमागे आला. तत्पूर्वीची कादंबरी बहुधा पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गात वावरत होती. श्री. ना. पेंडसे, व्यंकटेश माडगूळकर, गो. नी. दांडेकर, शंकरराव खरात, अण्णाभाऊ साठे यांच्या लेखनाने ती कोकणातील आगरांत, माणदेशच्या माळावर, मावळातील माच्यांवर आणि वारणेच्या खोऱ्यात नेली. या लेखनात भूगोल केवळ पार्श्वभूमी म्हणून येत नाही. पाऊस किती पडतो, पाणी कोठून येते, जमीन कोणाच्या नावावर आहे, यावर पात्रांचे नशीब ठरते. म्हणूनच अशा साहित्याची जागा प्रत्यक्ष पाहण्यात अर्थ असतो. लेखकाच्या घराला हार घालून परत येण्यात तो नसतो.

माणदेश : एका तालुक्यातील तीन संमेलनाध्यक्ष

सांगली जिल्ह्यातील आटपाडी हा तालुका या दृष्टीने विलक्षण म्हणावा लागेल. ग. दि. माडगूळकर १९७३ साली यवतमाळच्या, व्यंकटेश माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईच्या आणि शंकरराव खरात १९८४ साली जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हे तिघेही या एकाच तालुक्यातले. गदिमांचा जन्म १९१९ चा, शेटफळे येथील; व्यंकटेश माडगूळकरांचा १९२७ चा, माडगुळे येथील; खरातांचा १९२१ चा, खुद्द आटपाडीतील. पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणाऱ्या या पर्जन्यछायेच्या मुलखाने अन्नधान्य जेमतेम पिकविले, परंतु लेखक भरघोस दिले.

माडगुळ्याच्या शिवारात ‘बामणाचा पत्रा’ या नावाने ओळखली जाणारी एक साधी जागा आहे. माडगूळकर बंधूंचे लेखन-चिंतन या शेतातल्या निवाऱ्यात होत असे. तेथे पाहण्यासारखे फार काही नाही, आणि तेच विद्यार्थ्यांनी पाहावे. ‘गीतरामायणा’सारखी रचना आणि सिनेमासृष्टीतील प्रचंड लेखन ज्याच्या नावावर आहे, तो कवी किती उघड्या माळावरून निघाला होता, हे तेथे उभे राहिल्यावर कळते.

आटपाडीजवळची लेंगरेवाडी म्हणजेच ‘बनगरवाडी’, असे या परिसरात सांगितले जाते. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही छोटी कादंबरी. एक कोवळा तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. वाडीचा विश्वास मिळवितो. सगळ्यांच्या श्रमातून तालीम उभी राहते. आणि शेवटी दुष्काळ वाडी रिकामी करतो, असे तिचे स्थूल कथानक. १९९५ साली अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला. कादंबरी वाचून जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे उजाड माळ, मेंढरांचे कळप आणि कोरडा ओढा असतो. प्रत्यक्षात आज त्या भागातून जाताना डाळिंबाच्या बागा लागतात, ठिबकच्या नळ्या दिसतात. कऱ्हाडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने दुष्काळी तालुक्यांकडे आणणाऱ्या योजनेचा हा परिणाम होय. त्यामागे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखालील पाणी संघर्ष चळवळीचा आणि आटपाडीत भरलेल्या पाणी परिषदांचा मोठा वाटा आहे.

येथे शिक्षकापुढे प्रश्न उभा राहतो. कादंबरीतले गाव ‘सापडले नाही’ म्हणून मुले हिरमुसतात. खरे पाहता सहलीचा सर्वांत मोलाचा क्षण हाच. माळ हिरवा कसा झाला, कोणाच्या शेतात पाणी पोहोचले आणि कोणाच्या नाही, मेंढपाळांची कुटुंबे अजूनही चाऱ्यासाठी घर सोडून जातात काय, हे प्रश्न वाडीवरच्या माणसांना विचारता येतात. मग कादंबरीचा शेवट इतका निर्विकार का वाटतो, तेही उमगते. वाडी उठून जाणे ही त्या काळी माणदेशात अघटित घटना नव्हती.

दुसरी गोष्ट खरातांची. ‘माणदेशी माणसं’ आणि ‘तराळ-अंतराळ’ ही दोन पुस्तके एकाच मुलखाची आहेत. परंतु एक कुलकर्ण्यांच्या घरातून लिहिले गेले आणि दुसरे महारवाड्यातून. खरातांचे वडील गावची तराळकी करीत. गावात कोणी कोणत्या वाटेने चालायचे, कोणत्या पाण्याला हात लावायचा, हे जन्मावर ठरत असे. माडगूळकरांची सहानुभूती अस्सल आहे, यात शंका नाही. तरीही रामोशी, महार, मांग यांच्याविषयी लिहिणे आणि त्यांच्यातून लिहिणे यातील अंतर ही दोन पुस्तके शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. आटपाडीला विद्यार्थी नेऊन केवळ माडगूळकर बंधूंविषयी सांगितले, तर निम्मेच गाव दाखविल्यासारखे होईल. दुर्दैवाने बहुतेक वेळा तेच होते.

आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर मात्र वाट वाकडी करून पाहावे. औंध संस्थानच्या काळात, १९३९ साली, येथे कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत, कैद्याने शेती करावयाची, असा तो प्रयोग. गदिमांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ साली काढलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचलेला आहे. ‘बनगरवाडी’तील तालमीच्या प्रसंगी येणारे राजेसाहेब हेही याच औंध संस्थानच्या जगातले. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेले भवानी संग्रहालय परतीच्या वाटेवर घेता आले, तर कादंबरीतील राजा विद्यार्थ्यांना परीकथेतला वाटत नाही.

याच जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील वाटेगाव हे अण्णाभाऊ साठे यांचे गाव आणि ‘फकिरा’ची भूमी. अण्णाभाऊंचा जन्म १९२० चा. लहानपणीच ते कुटुंबासह वाटेगावहून मुंबईला पायी गेले. त्यामुळे त्यांची साहित्यस्थळे दोन ठरतात : एक वाटेगाव आणि दुसरे घाटकोपरचे चिरागनगर, जेथील झोपडीत राहून त्यांनी लेखन केले. मुंबईच्या शाळांना यातील दुसरे स्थळ लोकलच्या अंतरावर आहे.

दापोली : आठवणीतले कोकण

दापोली तालुक्यात दोन अगदी भिन्न प्रकृतीच्या लेखकांची गावे आहेत. साने गुरुजींचे पालगड आणि श्री. ना. पेंडशांचे मुर्डी.

पालगडला साने गुरुजींचे घर स्मारक म्हणून जपलेले आहे. ‘श्यामची आई’ वाचलेल्या मुलांना ओटी, माजघर, अंगण ही कल्पनेत पाहिलेली जागा एकदम ओळखीची वाटते. मात्र ते पुस्तक पालगडात लिहिलेले नाही, हे आवर्जून सांगावे लागते. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ते लिहून झाले. घर गेलेले, आई गेलेली, कोकण मागे राहिलेले आणि लेखक कोठडीत, अशा अवस्थेत लिहिलेले हे पालगड आहे. पुस्तकातील सावकार, कर्ज आणि जप्ती यांविषयी मुले फारसे बोलत नाहीत. त्यांना आईच्या गोष्टी आठवतात. घराच्या चौकटीपाशी उभे राहून हे घर कुटुंबाच्या हातून कसे निसटत गेले, हे सांगितले, तर पुस्तकाचा हळवेपणा निराळा वाटू लागतो.

पेंडशांचे तसेच. जन्म मुर्डीचा, १९१३ चा; पण बालपणीच ते मुंबईला आले आणि नोकरी केली बेस्टमध्ये. ‘एल्गार’, ‘हद्दपार’, ‘गारंबीचा बापू’ या कादंबऱ्या मुंबईत राहून लिहिलेल्या. ‘गारंबीचा बापू’ १९५२ सालचा. त्यातली गारंबी शोधीत दापोलीच्या परिसरात हिंडणाऱ्यास ती एका जागी सापडणार नाही. मुर्डी, आसूद, आंजर्ले, हर्णे यांचे तुकडे जोडून लेखकाने ती रचली. आसूदच्या केशवराज मंदिराकडे जाणारी वाट मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने चालावी अशी आहे. नारळी-पोफळीच्या दाट आगरातून उतरायचे, ओढा ओलांडायचा आणि पुन्हा पायऱ्या चढायच्या. झुळझुळते पाणी, बागांना दिलेले पाट, भर दुपारीही न तापणारी सावली हे पाहिल्यानंतर पेंडशांच्या कादंबऱ्यांत पाणी, आगर आणि भाऊबंदकी यांना एवढे महत्त्व का, हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

वेळ असल्यास खेड तालुक्यात जगबुडी नदीच्या काठचे तुंबाड घ्यावे. १९८७ सालच्या ‘तुंबाडचे खोत’ या द्विखंडात्मक कादंबरीत खोतांच्या पिढ्यांचा उदयास्त आहे. २०१८ साली आलेल्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटामुळे विद्यार्थ्यांच्या मनात हमखास गोंधळ असतो. चित्रपटाने पेंडशांकडून घेतले ते नाव. कथानकाचा कादंबरीशी संबंध नाही. पुरलेल्या खजिन्याची चौकशी करणारी मुले पाहून गावकऱ्यांना काय वाटत असेल, याची कल्पना करता येते.

रत्नागिरी जिल्ह्यातच गणपतीपुळ्याच्या शेजारी मालगुंड आहे. केशवसुतांचे घर आणि कोकण मराठी साहित्य परिषदेच्या पुढाकाराने उभे राहिलेले स्मारक येथे आहे. स्मारकाचे उद्घाटन १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. गणपतीपुळ्याला शेकडो शाळा जातात आणि जेमतेम काही मिनिटांच्या अंतरावरचे मालगुंड अनेकदा ‘वेळ उरल्यास’ या यादीत राहते. मुलांचा ओढा समुद्राकडे असतो. हा किनारा धोक्याचा आहे, हे मात्र शिक्षकांनी विसरू नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे पुण्याच्या महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींच्या नियमांत कडकपणा आला आणि किनाऱ्यावरच्या सहलींविषयी पालक धास्तावले. कवीच्या घराला दिलेले दोन तास पाण्यात घालविलेल्या दोन तासांपेक्षा निश्चित सुरक्षित.

खानदेश

जळगावपासून जवळच असलेले आसोदे हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. जळगावातील चौधरी वाडा हे सासर, आणि तेथे त्यांच्या आठवणी जपणारे संग्रहालय आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. १९५१ साली त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी सोपानदेवांनी जपून ठेवलेल्या त्यांच्या कविता आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झाल्या. माडगूळकर, पेंडसे, साने गुरुजी यांनी गाव सोडल्यावर गाव लिहिले. बहिणाबाईंनी ते सोडलेच नाही. जाते, चूल, शेत, विहीर ही त्यांची प्रतिमासृष्टी शहरी मुलांना आता शब्दकोशातून शिकावी लागते. अशा वेळी जात्याचा खुंटा हाताने धरून एक फेरा ओढून पाहणे, हा कवितेच्या चालीचा उत्तम धडा ठरतो. ओवीची लय दंडाला कळते.

जळगाव-भुसावळ मार्गावर भादली हे लहान स्थानक आहे. येथेच ५ मे १९१८ रोजी रेल्वेखाली सापडून बालकवींचा मृत्यू झाला. त्यांचे जन्मगाव धरणगावही याच जिल्ह्यातले. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात शिकविले. अजिंठ्याला जाणाऱ्या सहलींना ना. धों. महानोरांचे पळसखेडे फारसे दूर नाही. ‘रानातल्या कविता’ ज्या रानात झाल्या ते रान महानोर २०२३ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, कसत राहिले.

शहराच्या पोटात

साहित्यस्थळ म्हणजे खेडेच, असा समज दृढ आहे. मुंबईतील शाळेला परळ-लालबागपर्यंत जाण्यास बसही ठरवावी लागत नाही. नारायण सुर्वे यांची कविता ज्या गिरणगावात घडली, तेथे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर भोंगे हळूहळू थांबले. आज गिरण्यांच्या जागी मॉल आणि कचेऱ्यांचे मनोरे आहेत. कुठे एखादी चिमणी राहिली आहे, कुठे चाळ. ‘माझे विद्यापीठ’ वाचून तेथे गेलेल्या विद्यार्थ्यास कवितेतील जग शोधावे लागते आणि ते बव्हंशी वृद्ध गिरणी कामगारांच्या तोंडूनच मिळते. हे साक्षीदार दरवर्षी कमी होत आहेत. माणदेशचा माळ पुढच्या वर्षीही असेल. ही माणसे कदाचित नसतील.

अरुण कोलटकर ज्या काळा घोडा चौकाकडे पाहत बसत, तो चौक आहे. ते बसत ते ‘वेसाइड इन’ बंद झाले. कोलटकरांची ‘जेजुरी’ मूळ इंग्रजीतली. पण सहलीला तिच्यासारखी सोयीची कविता विरळा, कारण ती स्वतःच एका दिवसाच्या फेरीची कविता आहे. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठ्या’बाबत मात्र निराळा विचार करावा. कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांतून विद्यार्थ्यांची रांग फिरविणे म्हणजे तेथील स्त्रियांना प्रदर्शनातल्या वस्तू करणे होय. काही साहित्यस्थळे पुस्तकातच पाहावीत.

प्राचीन वाङ्मयाचे अभ्यासक नेवाशाचा पैस खांब सुचवितील. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी ज्याला टेकून सांगितली गेली, असे परंपरा मानते तो हा खांब. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या ललित लेखसंग्रहाचे ‘पैस’ हे नाव त्यावरूनच ठेवले. मे २०१७ मध्ये पाचगणीजवळ भिलार येथे सुरू झालेले ‘पुस्तकांचे गाव’ ही याहून वेगळी, पण चांगली कल्पना. घरोघरी पुस्तके, आणि वाचायला कोणाची हरकत नाही. महाबळेश्वरच्या सहलीत स्ट्रॉबेरीबरोबर ते सहज होते.

शेजारच्या भाषा

या बाबतीत कानडी आणि मल्याळी मंडळी आपल्यापुढे आहेत, हे मान्य करावे लागेल. शिवमोग्गा जिल्ह्यातील कुप्पळ्ळी येथे कुवेंपु यांचे घर ‘कविमने’ म्हणून उत्तम रीतीने राखले आहे. जवळच्या ‘कविशैल’ टेकडीवर त्यांची समाधी आहे. केरळात पालक्काडजवळचे तस्राक हे खेडे ओ. व्ही. विजयन यांच्या ‘खसाक्किंते इतिहासम्’ या १९६९ च्या कादंबरीचे मूळ स्थान म्हणून जपले गेले. त्या कादंबरीतही एक तरुण मास्तर एकशिक्षकी शाळा चालवायला आडगावी येतो. ‘बनगरवाडी’ वाचलेल्याला हे साम्य चटकन जाणवेल. तस्राकला स्मारक आहे; लेंगरेवाडीला जाणाऱ्याला वाट विचारीत जावे लागते.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे परप्रांतीय साहित्यस्थळ धारवाड. मराठी घरात वाढलेले आणि मराठीतही लिहिलेले द. रा. बेंद्रे साधनकेरीच्या तळ्याकाठी राहिले, जी. ए. कुलकर्णी यांनी अनेक वर्षे येथे इंग्रजी शिकविले. केशवसुतांची अखेरची नोकरी येथील शाळेत होती आणि १९०५ साली जवळच्या हुबळीत प्लेगने त्यांचा अंत झाला.

सहल आखताना

अशी सहल फसण्याचे मुख्य कारण म्हणजे न वाचता जाणे. पुस्तक वर्गात निदान निम्मे वाचून झालेले असावे आणि उरलेले परतीनंतर वाचावे. म्हणजे पाहण्याआधीचे व पाहिल्यानंतरचे वाचन विद्यार्थ्यांना स्वतःच ताडून पाहता येते. एका दिवसात एकच लेखक घ्यावा. दापोलीला पालगड आणि मुर्डी एकाच दिवशी उरकणे अंतराच्या दृष्टीने शक्य आहे, पण शहाणपणाचे नाही. ऋतूही महत्त्वाचा. डिसेंबरात माणदेशचा माळ सुसह्य असतो, परंतु ‘बनगरवाडी’चा शेवट कळायचा, तर एप्रिलमध्ये जावे, परीक्षांमुळे शाळांना ते जमत नाही, महाविद्यालयांना जमू शकते.

पालकांची लेखी संमती, शिक्षण विभागाची परवानगी, मुलींसोबत शिक्षिका, प्रथमोपचाराची पेटी या गोष्टी कोणत्याही सहलीप्रमाणेच. एस.टी. महामंडळ शालेय सहलींसाठी सवलतीच्या दरात गाड्या देते. वाडी-वस्तीवरच्या अरुंद रस्त्यावर मोठी गाडी वळेल काय, एवढे आधी विचारून घ्यावे. लहान गावांत उपाहारगृह नसते. स्थानिक जिल्हा परिषद शाळेला पत्र पाठविल्यास जेवणाची व्यवस्था, बसायला जागा आणि मुख्य म्हणजे बोलायला माणसे मिळतात. त्या शाळेच्या ग्रंथालयाला त्या लेखकाच्या पुस्तकांचा एक संच भेट द्यावा. लेखकाच्या स्वतःच्या गावातील शाळेत त्याची पुस्तके नसावीत, असा अनुभव येतो.

गावकऱ्यांशी बोलताना त्यांना कादंबरीतील पात्रांची नावे चिकटवू नयेत. ‘तुम्ही कारभाऱ्यांच्या घरातले काय?’ असा प्रश्न मुलांना गमतीचा वाटतो. समोरच्याच्या आजोबांविषयी पुस्तकात बरेवाईट छापून आलेले असू शकते. छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. वहीत टिपायला सांगावे ते ऐकलेले बोलीतले शब्द, झाडांची नावे, पाण्याच्या जागा आणि गावात सध्या कोणती पिके घेतात ते. लेखकाच्या घरी पोहोचल्यावर भाषणे ठेवू नयेत. पुस्तकातील एक उतारा कोणीतरी मोठ्याने वाचावा, शक्य असल्यास त्याच गावातल्या मुलाने, कारण ती बोली त्याच्या तोंडची असते.